चिंधीचं साटीन

माझी आत्या रफू करायची. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन, आणि मागे आतोबांची वेताची खुर्ची. कापड डोळ्यांनी बघायचं नसतं, असं ती म्हणायची. डोळे मिटून तळहात फिरवायची आणि सांगायची, "हे कडक उन्हात वाळवलंय. हे वर्षभर पेटीत कोंडलंय." गिऱ्हाईक थक्क व्हायचं. आतोबा मागून म्हणायचे, "मला तेवढा हात लावू नकोस बाई, काय काय बाहेर येईल!"

चिंधी मांजर आली तेव्हा नावासारखीच होती. जातीची काळी, पण रंग विटून तांबूस पडलेला. पाठीवर कोंडा, शेपटीपाशी केसांच्या गुठळ्या. आत्याने हात फिरवला. "कापड चांगलंय. निगा नाही."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "खायला काय घालता?"

"दूध-पाव."

"मावशी, मांजर आहे ती, पाहुणी नव्हे. अंडं, मासा, मांस हवं तिला. पोटात कमी पडलं की शरीर आधी केसांचा वाटा कापतं."

नेमकं तेव्हाच आतोबांना त्यांच्या डॉक्टरांनी अशक्तपणावर रोज दोन अंडी आणि मासा सांगितला होता. आत्याने वाटणी केली. अंडी आणि मासा आतोबांना, माशांची उकडलेली डोकी चिंधीला. खुर्चीपाशी आतोबांचं ताट ठेवून ती पाठमोरी मशीनवर बसायची. वळून बघावं तर ताट लख्ख. "शाबास," ती म्हणायची, लहान मुलाला म्हणावं तसं.

तीन महिन्यांत चिंधीची पाठ साटीन झाली. आत्या शेजारणींना हाका मारून दाखवायची, "हात लावून बघ, हात!" त्याच दिवसांत आतोबांचे शर्ट ढगळ व्हायला लागले. आत्याने आधी साबणाला नावं ठेवली, मग कापडाला. "धुऊन धुऊन सैल पडलंय मेलं." तिने दोन्ही बाजूंनी शिवण आत घेतली. महिन्याभराने पुन्हा घेतली. आतोबा मुकाट्याने हात वर करून उभे राहायचे. "टाचण्या जपून गं," एवढंच म्हणायचे.

मग चिंधीला लस टोचायला नेलं. डॉक्टरीणबाईंनी पाठीवरून हात फिरवला.

"अंडी सुरू केलीत वाटतं?"

"छे. नुसती डोकी खाते."

"डोक्यांवर अशी पाठ होत नाही, मावशी. हिला कुणीतरी पोटभर देतंय."

आत्या हसली. हसता हसता थांबली. चिंधीला टोपलीत घालून ती जवळजवळ धावतच घरी आली आणि खुर्चीपुढे उभी राहिली.

"अहो, शर्ट काढा."

"का गं?"

"काढा म्हणते ना."

तिने त्यांच्या पाठीवर तळहात ठेवला. डोळे मिटायची गरज पडली नाही.

"किती दिवस?"

"गिळताच येत नाही गं. पातळ तेवढं उतरतं." जरा थांबून ते म्हणाले, "ताट रिकामं दिसलं की तू शाबास म्हणायचीस. बरं वाटायचं."

"जगाचं कापड ओळखते मी," आत्या म्हणाली, "आणि माझ्या घरचं..."

त्यांच्या घशात गाठ निघाली. फार उशीर झाला होता. आतोबा त्यानंतर सात आठवडे राहिले.

ते गेल्यावर आत्याने त्यांच्या सगळ्या शर्टांच्या आत घेतलेल्या शिवणी उसवल्या. शर्ट पुन्हा त्यांच्या मापाचे झाले, पण सुईची बारीक भोकं राहिली. दुसऱ्यांची केवढाली भोकं बुजवणाऱ्या आत्याने ती तशीच ठेवली.

अंडी मात्र घरात येईनाशी झाली. चिंधी मिळेल ते खायची. तरी तिची चमक काही आठवडे टिकली. आत्या रोज तिला मांडीवर घ्यायची, डोळे मिटून तिच्या पाठीवरून हात फिरवायची. कुणी काही विचारलं तर म्हणायची, "त्यांनी घातलेलं आहे अजून हिच्या अंगावर."

एके सकाळी तिचा हात मध्येच थांबला. केस खरखरीत लागले होते. कानामागे तांबूस झाक दिसत होती.

आत्या उठली. कोपऱ्यावरून दोन अंडी आणली, उकडली, सोलली. चिंधी आधीच वेताच्या खुर्चीखाली जाऊन बसली होती. आत्याने ताट तिथेच ठेवलं आणि मशीनवर येऊन बसली, पाठमोरी.

बराच वेळ मशीन चाललं नाही. मागे ताट जमिनीवर सरकल्याचा आवाज होत राहिला. तो थांबल्यावरही आत्या वळली नाही.