आरमोरी ते मार्कंडा, डोंग्यानं

सहल चार दिवसांची होती आणि माझी यादी तीन पानांची. आधी वैरागडचा किल्ला, मग आरमोरीच्या घाटावर डोंग्यात बसायचं आणि वैनगंगेनं खाली खाली जात मार्कंड्याची देवळं गाठायची. मुक्काम, जेवण, लाइफ जॅकेट, सगळं क्रमवार लिहिलेलं.

सहल आईसाठी होती. तिचे वडील ढिवर, मासेमारी करणारे. तिचं बालपण याच नदीवर, डोंग्यात गेलं. लग्न होऊन ती चंद्रपूरला आली, त्यानंतर तिला पाण्यावर कुणी नेलं नाही. गुडघे चालतात तोवर एकदा नदीनं जायचं, एवढंच तिनं मागितलं होतं.

नागपूरच्या भावानं फोनवरच निकाल दिला. आईला गाडीनं घाटावर आणायचं, फोटो काढायचे, परत न्यायचं. डोंग्यात बाकीचे बसतील. जिच्यासाठी सहल, तीच काठावर! हे काय वय आहे का, असं त्यानं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायच्या आत मी फोन ठेवला. आठवडाभर माझं डोकं तापलेलं होतं.

डिसेंबरात नावाडी ठरवायला मी आईला घेऊन आरमोरीला गेले. तिला गाडीतच बसवलं, उतार होता म्हणून. घाटावर साठीचा एक ढिवर जाळं शिवत होता. त्याला नकाशा दाखवला. एक डोंगा, एक नावाडी, थेट मार्कंडा. त्यानं दुसऱ्या वळणावर बोट ठेवलं. इथवर नेतो, म्हणाला, पुढं नाही. मी कारण विचारलं, तर तो पुन्हा जाळ्याकडे वळला. आधी भाऊ, आता हा. माझा तोल गेला. भीती वाटत असेल तर तसं सांगा, दुसरा बघते, असं मी त्याला सुनावलं.

"भेव कायचा, बाई? तिथून पुढं माहं पाणी नाई."

"नदीला काय कुंपण घातलंय?"

तो माझ्यामागे बघत होता. आई गाडीतून उतरली होती आणि काठी टेकत उतार उतरून येत होती. तिनं त्याला गाव विचारलं, आपल्या वडिलांचं सांगितलं. मग माझ्याकडे वळली.

"पत्येक गावाचा आपला डोह असते. दुसऱ्याच्या पाण्यात डोंगा घालत नाई. शिवेवर हाक मारायची, ते आपला डोंगा घेऊन येतेत."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू इचारलं कुठी? तू तं यादी वाचून दाखवत होती."

मी तिथंच उभ्या उभ्या यादी उघडली. आई तिसऱ्या पानावर होती, सामानात. आई: उशी, गुडघ्याचा पट्टा, गोळ्या, घडीची खुर्ची. भावानं तिला काठावर ठेवलं म्हणून मी आठवडाभर धुमसत होते, आणि मी तिला पिशव्यांमध्ये ठेवलं होतं. त्या नावाड्याला काय बोलले तेही आठवलं. माफी मागितली, पण नीट जमली नाही.

तिन्ही पानं फाडली. आई सांगत गेली, मी लिहीत गेले: कुठल्या गावाचा डोह कुठवर, हाक कुठून मारायची, डोंगा कुठं बदलायचा. नावाड्यानं तिला दोनदा अडवलं. एका जागी आता बंधारा आहे, तिथं उतरून चालावं लागेल, हे तिनं मानलं. दुसरं मानलं नाही, आणि मी तिचंच लिहिलं.

तेवढ्यात भावाचा फोन आला. आई डोंग्यातच बसणार, असं मी सांगितलं. त्यानं डॉक्टरांचं काढताच फोन तिच्या हाती दिला. तिनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"तू गाडी घेऊन ये," ती म्हणाली. "पट्टा अन् खुर्ची तुह्या गाडीत टाकजो. मार्कंड्याले उतरलो का देजो."