शेवटच्या डब्यातले आबा

शनिवारी शाळेतनं घरी आलो, की शर्टावर खडूची भुकटी आणि डोक्यात एखादा किस्सा असतोच. भुकटी झटकता येते, किस्से साठत जातात. बायको म्हणते, ‘‘मला सगळे दोनदा सांगून झालेत, आता दुसरं कुणी गाठा.’’ म्हणून आज तुम्हाला गाठलंय.

आमच्या निमोण्याच्या प्राथमिक शाळेत मोठ्या मॅडमनी गावाला सांगितलं, शिकवू नका, नुसतं दर शनिवारी येऊन पोरांबरोबर वाचत बसा. पहिल्या शनिवारी निम्मं गाव आलं, फोटो काढले आणि गेलं. उरलो तिघं. मी, म्हणजे कंपनीत क्वालिटीला, सेकंड शिफ्टवाला. रशीदाभाभी, यांची पिठाची गिरणी. आणि आबा, दौंडला रेल्वेत गार्ड होते, रिटायर झाल्यावर इथं लेकीकडं राहायला आले.

*

भाभींचं आयुष्य गिरणीच्या आवाजात गेलेलं, त्यामुळं त्यांना आवाज कमी करायचं बटणच नाही. उंदराची गोष्ट वाचायला बसल्या, तर शेजारच्या चौथीचा गणिताचा तास बंद पडला. मॅडम आल्या, ‘‘भाभी, जरा हळू.’’

‘‘मॅडम, हे हळूच हाय.’’

तेवढ्यात चौथीचे गुरुजी दारात. आम्हाला वाटलं, आता भांडण. गुरुजी म्हणाले, ‘‘त्या उंदराचं काय झालं ते एकदा सांगून टाका. त्याशिवाय माझी पोरं भागाकार करायची न्हाईत.’’

*

आबा आल्या दिवशी थेट सगळ्यांच्या मागं जाऊन बसले. मी म्हटलं, ‘‘आबा, पुढं या की, पंख्याखाली.’’

‘‘गार्ड कवा पुढं बसतो व्हय? मागं कोण राहिलंय ते मागनंच दिसतं.’’

त्यांचा नियम असा, की शेवटच्या पोराचं वाचून झाल्याशिवाय पान उलटायचं नाही. झालं, की खिशातनं हिरवा रुमाल काढून हलवायचे. मग पानं उलटायची. पुढची हुशार पोरं चुळबुळ करायची, पण रुमालाशिवाय एकाची हिंमत नव्हती.

एकानं विचारलं, ‘‘आबा, रात्री गाडीत झोप यायची का?’’

आबा ताठ बसले. ‘‘सगळी नोकरी रात्रीची काढली. पण ड्युटीवर माझा डोळा लागला, असं माझा दुश्मनबी म्हणायचा न्हाई.’’

*

पोरांत एकच पोरगी अशी, की जिच्यापुढं आम्ही हात टेकले. तिसरीतली सानिका. पहिलीत असताना मोठ्यानं वाचताना अडखळली, वर्ग हसला, तेव्हापासून शाळेत तिनं तोंड उघडलेलं नाही. तिची आई गेटावर थांबून मॅडमना एकच विचारायची, ‘‘घरी नुसती बडबड करती वो. पण वाचाय येतंय का न्हाई, तेवढं तरी कळूद्या. लई घोर लागलाय.’’

भाभींनी जवळ घेऊन त्यांच्या परीनं हळू आवाजात सांगितलं, ‘‘वाच गं माझी बाई.’’ पोरगी पार भिंतीला चिकटली. मी चॉकलेट दिलं. तिनं चॉकलेट खाल्लं आणि पुस्तक मिटलं.

आबा म्हणाले, ‘‘माझ्याकडं द्या तिला.’’ आणि तिला घेऊन शाळेमागच्या कट्ट्यावर जाऊन बसायला लागले.

*

माझ्याकडच्या पोरांना मी राजाची गोष्ट वाचून दाखवत होतो. राजानं खूश होऊन अर्धं राज्य देऊन टाकलं. दुसरीतल्या एका कार्ट्यानं हात वर केला.

‘‘काका, सातबारा कुणाच्या नावावर झाला?’’

मी पान मागं-पुढं करून बघितलं. गोष्टीत काहीच लिहिलेलं नव्हतं.

‘‘मग न्हाई टिकायचं,’’ तो म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

*

भाभी पुस्तकं गिरणीवर न्यायला लागल्या. दळण घेऊन आलेल्या पोरानं पीठ पडेपर्यंत मोठ्यानं वाचायचं, आणि गोष्ट संपल्याशिवाय डबा हातात नाही. एकदा मागं लाईन लागली. एक आप्पा चिडले, ‘‘भाभी, घरी भाकरीचा खोळंबा झालाय.’’ भाभींनी त्यांचा डबा आधी काढून दिला. आप्पा डबा खांद्यावर घेऊन निघाले, पायरीवर थांबले, आणि तिथंच उभे राहिले.

‘‘आता काय झालं आप्पा?’’

‘‘त्या कोल्ह्याचं काय होतंय ते तर कळूद्या.’’

शाळेच्या निम्म्या पुस्तकांना आता बाजरीच्या पिठाचा वास येतो. त्या बाईचं मला मनापासून कौतुक वाटतं.

*

परवा त्याच भाभी माझ्याकडं तक्रार घेऊन आल्या. ‘‘आबांना तुम्हीच सांगा काहीतरी. त्या सानिकेला घेऊन बसतात आन् चक्क घोरतात. दर शनिवारी हेच.’’

मला वाईट वाटलं, खरं सांगायचं तर रागच आला. तिकडं आईचा जीव टांगणीला आणि इकडं हे झोपा काढतात. वयाचा मान राखून सांगायचं, पोरगी माझ्याकडं द्या, असं ठरवून मी शाळेमागं गेलो.

पाण्याच्या टाकीपाशी पोचलो तर आवाज ऐकू आला. बारीक, अडखळत, पण मोठ्यानं वाचल्याचा. सानिका कट्ट्यावर माझ्याकडं पाठ करून बसली होती, मांडीवर पुस्तक, बोट ओळीवर. एका शब्दाला अडली, तो तोडून तोडून म्हटला, मग सगळा एकदम म्हटला आणि पुढं गेली. शेजारी आबा भिंतीला टेकून, टोपी कपाळावर ओढून घोरत होते. पान संपलं. तिनं त्यांच्या मांडीवर पडलेला हिरवा रुमाल उचलला, स्वतःच हलवला, आणि पान उलटलं.

मी पुढं पाऊल टाकलं.

आबांनी एक डोळा उघडला. माझ्याकडं बघितलं. डोळा मिटला, आणि आधीपेक्षा मोठ्यानं घोरायला लागले.