गौर आली सायकलवरून

निघताना सासूबाईंनी माझ्या हातावर दही घातलं आणि म्हणाल्या, "जाताना काय बोलायचं ते बोलून घे. येताना एक अक्षर नाही." शुभकामाला निघताना दही देतात हे मलाही ठाऊक आहे, पण त्या दिवशी ते माझी जीभ टाळ्याला चिकटावी म्हणून दिलं असावं, असा मला अजून संशय आहे.

त्याचं असं झालं. माझ्या सासरी, अंधेरीला, खड्यांच्या गौरी असतात. पाणवठ्यावर जाऊन सात खडे वेचायचे, तिथेच त्यांना हळदकुंकू वाहायचं आणि घरी आणायचे. आणणारीने वाटेत बोलायचं नाही आणि मागे वळून पाहायचं नाही. बोलली किंवा वळली, तर खडे पुन्हा पाण्यात सोडून पहिल्यापासून सुरुवात. इतकी वर्षं सासूबाई स्वतः शेजारच्या विहिरीवरून गौर आणत. यंदा विहीर बुजवून तिथे इमारत उभी राहिली आणि सासूबाईंच्या गुडघ्यांनीही त्याच वर्षी संप पुकारला. नळाखाली धुतलेले खडे त्यांना चालेनात, वाहतं पाणीच हवं. ओशिवऱ्याचा ओढा जवळ होता, पण त्या पाण्याचा रंग बघून गौर वाटेतूनच माहेरी परतली असती. राहता राहिली दहिसरची नदी.

आता जायचं कशाने? बसमध्ये कंडक्टरला कुठे उतरायचं ते सांगावं लागतं. रिक्षावाल्याला प्रत्येक वळण सांगावं लागतं. लोकलच्या गर्दीतून तर तोंड न उघडता उतरताच येत नाही. ज्यावरून तोंड न उघडता घरी येता येईल असं वाहन आमच्या घरात एकच, ते म्हणजे माझी सायकल. लग्न होऊन पुण्याहून मुंबईला आले तेव्हा चार पातेल्यांबरोबर मी तीही आणली होती. पुण्यात सायकल म्हणजे घरचं माणूस, हे तुम्हाला मी काय सांगणार! इथे एस. व्ही. रोडवर मात्र सायकलवाल्याचा मान गटाराच्या झाकणाएवढा. वरून चाक गेलं तरी कुणी थांबून बघत नाही. सासूबाईंना ती सायकल पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपत होती. एक ना एक दिवस कुणी मोटारवाला हिला आडवी करणार, हे त्यांचं भाकीत मी रोज भाजीबरोबर खात असे.

म्हणून त्यांनी अट घातली. गौर मुक्याने आणली, तर सायकलविरुद्ध त्या पुन्हा चकार शब्द काढणार नाहीत. वाटेत बोलले, तर सायकल भंगारात. मी बोलले की नाही हे कळणार कसं, असं मी विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "गौर असेल ना बरोबर." सुधीरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आदल्या संध्याकाळीच भंगारवाल्याला निरोप देऊन ठेवला होता. माझ्या मौनावर त्याचा इतका गाढ विश्वास.

सकाळी जेवणखाण आटोपून निघाले. हॅन्डलच्या बास्केटमध्ये पितळेची वाटी, हिरवा खण, हळदकुंकवाचा करंडा. जाताना बोलायला मोकळीक होती आणि मी ती पुरेपूर वापरली. जोगेश्वरीला एका रिक्षाने डावीकडून येऊन माझ्या पुढ्यात उजवीकडे सूर मारला. त्याला मी त्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता विचारला. गोरेगावच्या बसस्टॉपपाशी दुमजली बस अशी कलंडत कडेला आली की मी आणि फूटपाथ यांच्यामध्ये वारा जायलाही जागा उरली नाही. ड्रायव्हर वरून ओरडला, "ए बाई, खालीपिली (उगाचच) मरायला कशाला येतेस?" मी म्हटलं, "तुमच्यासारख्यांना सोबत म्हणून." अर्धी बस हसली, ड्रायव्हर सोडून.

मालाडला एका उभ्या मोटारीचं दार अचानक उघडलं. इथले लोक दार आधी उघडतात आणि मग कोण मेलं ते बघतात. मी ब्रेकवर उभी राहिले, दारातून एक गृहस्थ उतरले आणि मलाच म्हणाले, जरा बघून चालवा. त्यांना मी जे सांगितलं ते गौरीच्या दिवशी लिहिण्यासारखं नाही.

घसा कोरडा पडल्यावर कांदिवलीला एका टपरीवर कटिंग घेतला. (कटिंग म्हणजे अर्धा ग्लास चहा. मुंबईत जागा कापून देतात, तसा चहाही.) चहावाल्याने सायकल पाहून विचारलं, कुठून आलात? अंधेरी म्हटल्यावर त्याने न सांगता चहात आणखी थोडी साखर घातली. पुढच्या वाटेवर काय आहे याची त्याला कल्पना असावी.

बोरिवली मागे पडल्यावर रस्त्याकडेला हिरवं दिसू लागतं आणि श्वास जरा लांब होतो. दहिसरच्या पुलाशी सायकल हातात धरून मी खाली उतरले. नदी जंगलातून येते, तेव्हा चांगली असणार. पण पुलाखाली तबेल्यातल्या म्हशींची आंघोळ चालली होती. म्हणून त्यांच्या वरच्या अंगाला गेले. तिथे पाणी खडकावरून खळखळत होतं आणि एक बाई गोधडी आपटत होती. मी खडे निवडायला वाकल्यावर तिने ओळखलं. तिच्या सासरी संगमेश्वरला अशीच गौर असते म्हणाली. गोल, गुळगुळीत, एकही टवका न उडालेले असे सात खडे तिनेच शोधायला मदत केली. हळदकुंकू वाहण्याआधी म्हणाली, "बोलून घे गं, मग मुकी होशील."

मी नदीला, म्हशींना आणि तिला "येते" म्हटलं. मग हळदकुंकू वाहिलं, खडे वाटीत ठेवून वर खण बांधला आणि तोंड मिटलं.

परतीचा प्रवास म्हणजे काय वर्णावा! जाताना मी जिला शिव्यांची शिदोरी समजत होते, ती आता पोटातल्या पोटात आंबू लागली. सायकलवाल्याला मागे न बघणं म्हणजे काय, हे मोटारवाल्याला कळायचं नाही. रस्त्यात उभा टेम्पो आला की त्याला वळसा घालायचा, आणि मागून काय येतंय ते मान न वळवता ताडायचं. मी कानांनी मागे बघायला शिकले. ट्रकचा घरघराट लांबून येतो. रिक्षा फटफटते. मोटार मात्र गुपचूप येते आणि थेट कानाशी भोंगा वाजवते. माझ्याकडे उत्तराला फक्त घंटी होती. गौर येताना घंटा वाजवतातच, तेव्हा ती शास्त्राला धरून होती, आणि मी तिच्यातून बोलत होते. कांदिवलीच्या एका रिक्षावाल्याला मी घंटीतून जे सुनावलं ते त्याला समजलं नसेल, पण गौरीला नक्की समजलं. ती हसली असणार.

मालाड ओलांडलं. आता घर फार दूर नव्हतं. सायकल वाचली असं मी मनात म्हटलं, आणि तेवढ्यात मागून भोंगा सुरू झाला. उजवीकडे जागा होती, पण त्या माणसाला माझीच जागा हवी होती. मी कडेला घेतलं, आणखी कडेला घेतलं, पुढे गटार. पांढरी फियाट अंगाला घासून गेली, तिच्या आरशाने हॅन्डलला टोला दिला, सायकल भेलकांडली, बास्केट उलटी झाली. मी चार हात पुढे जाऊन पाय टेकले. कोपर कडेच्या भिंतीला खरचटलं होतं. मागे रस्त्यावर वाटी आपटून खडे टप टप पडल्याचा आवाज मी ऐकला.

गौर माझ्या मागे पडली होती, आणि मला मागे बघायचं नव्हतं.

खरं सांगते, त्या क्षणी डोळ्यांत पाणी आलं. कोपरामुळे नाही. मागून चाकं येत होती आणि सात खड्यांत नि खडीत कुणाला फरक कळणार?

फियाट पुढे जाऊन थांबली. सफारी सूट घातलेला एक माणूस उतरला आणि त्याने आरसा तपासला. मग माझ्याकडे येऊन हिंदीत तोंडसुख घ्यायला सुरुवात केली. रस्ता काय तुझ्या बापाचा, सायकल चालवता येत नाही तर घरी बस, वगैरे. माझ्याकडे प्रत्येक वाक्याला दोन उत्तरं तयार होती. मी ओठ घट्ट मिटले आणि घंटी वाजवली. तो आणखी चिडला. मी आणखी वाजवली.

बघता बघता माणसं जमली. मुंबईत माणसांना वेळ नसतो, पण भांडणाला असतो. पानाच्या गादीवरचा एकजण म्हणाला, बोलत नाही, मुकी दिसते बिचारी. झालं, गर्दीचा कल फिरला. मुक्या बाईला उडवतोस काय, म्हणून दोघांनी त्याची सफारी धरली. तो गडबडला. मला खरं सांगता येईना. आणि आलं असतं तरी लगेच सांगितलं असतं का, ते गौर जाणे. मी अंगठा खांद्यावरून मागे दाखवला, फक्त अंगठा.

तो माझ्यामागे गेला. काही वेळाने त्याचा आवाज आला, आता मराठीत आणि अगदी खालच्या पट्टीत. "खण, हळदकुंकू... ताई, ही गौर आहे काय?"

मी एकदाच घंटी वाजवली.

"माझी आई आणायची. देवरुखला, ओढ्यावरून." मग त्याने मागची वाहतूक हात करून अडवली. सारं मी नुसतं ऐकत होते. भोंगे, ट्रकवाल्याची शिवी, आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं की बघा, साहेबाने बूट काढले. तो रस्त्यावर बसून खडे वेचत होता. वेचून झाल्यावर त्याने वाटी माझ्या हातात दिली. खणाची गाठ बायकी नव्हती, पण घट्ट होती.

मी सायकलवर बसले. तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही मागे बघू नका. मागचं मी बघतो."

तिथून अंधेरीपर्यंतचा प्रवास मी आयुष्यात विसरणार नाही. पुढे मी सायकलवर, घंटी वाजवत, आणि मागे ती फियाट सायकलच्या चालीने. तिच्यामागे सगळा एस. व्ही. रोड तुंबलेला. आजवर सायकलवाले जे जे ऐकत आले, ते ते तो माणूस गोरेगावपासून ऐकत होता. चालवता येत नाही तर घरी बस. रस्ता काय तुझ्या बापाचा. जोगेश्वरीला एका टॅक्सीवाल्याने त्याच्या साऱ्या खानदानाची विचारपूस केली. मागे वळून त्याचं तोंड एकदा बघावं, या मोहाने माझी मान दुखायला लागली. व्रत कठीण असतं म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. पण तो मला ओलांडून एकदाही पुढे गेला नाही.

दारात सासूबाई पाट मांडून बसल्या होत्या. सायकल भिंतीला लावली, मी उंबऱ्याशी उभी राहिले. त्यांनी माझ्या पायांवर दूध आणि पाणी घातलं, कुंकू लावलं, आणि विचारलं, "कोण आली?"

"गौर आली," मी म्हटलं. आवाज इतका चिरका निघाला की सुधीर दचकला.

"कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या," मी म्हणाले आणि मग मात्र बांध फुटला. मालाडपासूनचं सगळं एका दमात सांगितलं. सासूबाईंनी माझं कोपर पाहिलं आणि माझ्या खांद्यावरून फाटकाकडे पाहिलं. तो तिथे उभा होता, बूट अजून हातात.

"ताई, आता बोलता येतं ना?" तो म्हणाला. "रस्ताभर सगळ्यांनी शिव्या दिल्या. तुमच्या तेवढ्या राहिल्यात."

मी तोंड उघडलं, पण नंबर आधीच लागला होता. माझ्या सासूबाई, ज्यांचा आवाज कधी शेजारी गेला नव्हता, त्या गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या आणि त्या माणसाला त्यांनी असं झाडलं की समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या उघडल्या. माझी सून तुला रस्त्यावर सापडली काय, असं त्यांनी तीनदा विचारलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग त्याच दमात त्यांनी त्याला आत बोलावून कॉफी आणि घावन दिलं.

खण सोडला, तेव्हा आत आठ खडे निघाले. सात नदीचे, गुळगुळीत. आठवा काळा, टोकेरी, एका अंगाला डांबर चिकटलेला. मी हसू दाबलं. सासूबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि सातांच्या शेजारी ठेवला. वाटेत भेटली, तेव्हा तीही पाहुणी, म्हणाल्या.

प्रवास करून माणूस शहाणा होतो म्हणतात. मी एवढंच शिकले, की मोटारवाल्याला सायकलवाला माणूस म्हणून दिसायला त्याला थोडा वेळ सायकलच्या चालीने चालवावं लागतं. तेवढी संधी दरवेळी मिळेल असं नाही. म्हणून सासूबाई कोपराला हळद लावत असताना मी स्वतःच म्हटलं, "आई, तुमची भीती काही खोटी नव्हती. पुढच्या वर्षी पाहू दुसरं काही."

"पाहू काय?" सासूबाई म्हणाल्या. "शब्द दिलाय मी. सायकल राहील." मग फुंकर घालता घालता विचार करून म्हणाल्या, "न बोलायचं, मागे न बघायचं, हे आणणारीला. सोबतिणीला नाही." त्यांनी दाराबाहेर भिंतीला लावलेल्या सायकलकडे एकदा नीट पाहिलं. "त्या मागच्या कॅरिअरवर जाडशी उशी बांध. मी मागे तोंड करून बसेन."