चांगल्या कामाची गाठ

तुमच्या मुलाने सांगितलं, ‘मी खरं बोलतोय,’ आणि पुरावा द्यायला साफ नकार दिला, तर त्याच्यावर हात न उगारता तुम्ही किती वेळ उभे राहू शकाल? उत्तर घाईने देऊ नका. माझ्या ओळखीची तीन मोठी माणसं, तिघंही सज्जन, एकाच दिवशी या प्रश्नात नापास झाली. त्या दिवसापासून मला डाव्या कानाने ऐकू येत नाही.

मी भिलाईला, स्टील प्लांटच्या वसाहतीतल्या एका सेक्टरमध्ये वाढलो. बाबा मूळचे अमरावतीकडचे, प्लांटमध्ये क्लार्क, आणि ड्यूटी संपली की युनियनची पत्रकं लिहिणारे. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. फळीवर अंथरायला पत्रकं, डब्यातल्या पोळ्या गुंडाळायला पत्रकं. पोळीवर शाई उतरायची आणि मी ती खायचो. ‘निषेध’ हा शब्द मला ‘नदी’च्या आधी लिहिता आला. भट्टीवरच्या एका कामगाराला साहेबाने थोबाडीत मारली, तेव्हा बाबांनी लिहिलेलं पत्रक मला तोंडपाठ होतं. मारणारा कितीही मोठा असो, जाब आधी त्यालाच विचारला पाहिजे, असं त्यात होतं. मी ते खरं मानलं. मुलं खरं मानतात, हे लिहिणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

आठवीत मी स्काऊटमध्ये गेलो. आमचं पथक शाळेमागच्या मैदानावर दर रविवारी भरायचं आणि दोन माणसं ते फुकट चालवायची. एक सर. नागपूरचे, प्लांटमध्ये अधिकारी, मिशीला कात्री लावलेली, इस्त्री अशी की हाफपँटच्या घडीने बोट कापावं. दुसरे गार्डकाका. शेजारच्या दुर्गला राहणारे, मालगाडीवर गार्ड, सुट्टी मिळेल त्या रविवारी सायकल मारत यायचे. दोघांनाही पथक म्हणजे जीव की प्राण. हे मी मुद्दाम लिहितोय. त्या मैदानावर वाईट हेतूने कुणीच आलं नव्हतं.

स्काऊटांची एक पद्धत आहे. सकाळी गळ्यातल्या स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची. दिवसभरात कुणाचं तरी एक चांगलं काम करायचं आणि मगच गाठ सोडायची. इतकं साधं. पण आमच्या सरांना साधं काही पटत नसे. ते म्हणायचे, गाठ तर कोणीही सोडेल, पाहिलं कोणी? म्हणून त्यांनी नियमाचा अर्थ लावला. सकाळी मैदानावर सगळ्यांनी गाठ मारायची, पोरं गावभर सुटायची, आणि संध्याकाळी रांगेत उभं राहून प्रत्येकाने आपलं काम मोठ्याने सांगायचं. ज्याची गाठ सुटली नाही, किंवा ज्याचं काम पटलं नाही, त्याला बोगदा.

बोगदा म्हणजे पोरांच्या समोरासमोर दोन रांगा. प्रत्येकाच्या हातात स्कार्फ, आणि स्कार्फच्या टोकाला तीच गाठ, नव्याने मारलेली. चुकलेल्या मुलाने मधून जायचं. दोन्ही बाजूंनी गाठी पडायच्या. पोरं आधी नळावर जाऊन गाठ भिजवून यायची, कारण ओली गाठ दगडासारखी लागते. सर स्वतः कुणाला बोटही लावायचे नाहीत आणि त्याचा त्यांना अभिमान होता. नियमांत सगळे स्काऊट एकमेकांचे भाऊ आहेत ना? मग भावाला भावानेच सुधारायचं, हा सरांचा दुसरा अर्थ.

याचा परिणाम सिविक सेंटरच्या बाजारात दिसायचा. रविवारी म्हातारी माणसं आमचे खाकी कपडे पाहून रस्ता बदलायची. एका आजीच्या भाजीच्या पिशवीला चार स्काऊट झोंबले, बंद तुटले, टमाटे रस्त्यावर गेले, आणि आजीने चप्पल काढून चौघांनाही झोडपलं. आमच्यातल्या एकाने तर सायकलवाल्याच्या कॅरिअरला मागून हिसका दिला आणि तो पडल्यावर त्याला हात धरून उठवलं. सायकलवाल्याच्या कोपराची कातडी सोललेली, आणि हा गाठ सोडतोय. संध्याकाळी त्याने रांगेत छाती काढून सांगितलं, “गिरे हुए आदमी को उठाया, सर!” सर म्हणाले, “शाब्बास!”

गार्डकाका तेव्हा कवायतीच्या लाठ्या बांधत होते. त्यांनी फक्त मान वर केली.

कान गेला त्या रविवारी मी एक काम केलं. ते दुसऱ्या माणसाच्या घरातलं होतं आणि मी सांगितलं असतं तर त्या घरात दार लावून कुणाला तरी मार पडला असता. ‘कुणाला सांगणार नाही,’ असा शब्द मी दिला होता. मग मी गाठ सोडली आणि मैदानावर गेलो.

माझी पाळी आली.

“काय केलं बे?” सरांनी विचारलं.

“काम केलं, सर. पण सांगता येत नाही.”

“कावून?”

“शब्द दिला आहे.”

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. सर माझ्याभोवती एक फेरी मारून आले. “शब्द दिला म्हणते! बाप पर्चे वाटते, पोरगा भाव खाते. अबे, वकील झाला का तू?”

“नाही, सर.”

“मंग सांग. नाहीतर केलंच नाही म्हण. तेही चालते मले.”

“केलं आहे.”

मागून गार्डकाका आले. हळू बोलायची त्यांना सवय नव्हती, मालगाडीच्या मागच्या डब्यात आयुष्य गेलेलं. “साहेब, पोरगा सांगून राहिला न, केलं म्हणून. स्काऊटवर विश्वास ठेवता येते, हा पहिला नियम हाय आपला.”

“विश्वास कमवावा लागते, गार्डबाबू. तुम्ही तिकीट न पाहता गाडीत बसू देता का?”

“तिकीट टीसी पाहते, साहेब. मी मालगाडीचा गार्ड, माह्या गाडीत कोळसा बसते.” पोरं हसली. काका हसले नाहीत. “मी झेंडी दाखवतो. पुढं अर्ध्या कोसावर ड्रायव्हर बसला असते, तो हिरवी पाहते आन् गाडी काढते. मागं येऊन मले विचारत नाही का बाबा, दाखव काय काय पाहिलं. विचारत बसला तर गाडी दुर्गलेच सडते. तो पहिला नियम पोरासाठी नाही, साहेब. आपल्यासाठी हाय. पोरानं खरं बोलायचं, ते त्याचं. विश्वास आपण ठेवायचा.”

मी सरांच्या मानेवरची शीर पाहत होतो. त्यांना पोरांसमोर नियम शिकवला गेला होता.

“बोगदा!” सर ओरडले.

पोरं नळाकडे पळाली.

बोगद्यातून पळायचं असतं. डोकं खाली, दोन्ही हात कानांवर, आणि जीव खाऊन पळायचं. मी स्वतः रांगेत उभा राहून पळणाऱ्यांच्या पाठीवर गाठी हाणल्या होत्या, त्यामुळे मला हे चांगलं माहीत होतं. पण त्या दिवशी मी हात बाजूला ठेवले आणि चालत गेलो. पळणं म्हणजे कबूल करणं, असं माझ्या पत्रकी डोक्यात बसलं होतं.

पहिली गाठ खांद्यावर, दुसरी पाठीच्या कण्यावर. मी चालतोय हे पाहून पोरं चेकाळली. पळणाऱ्याला एकेकाची एकच गाठ लागते; चालणाऱ्याला दोनदा, तीनदा हाणता येतं. तोंडावर बसली, दात ओठात घुसला. “भाग ना बे!” आमच्या शेजारच्या क्वार्टरमधला माझा मित्र कुजबुजला, आणि कुजबुजता कुजबुजताच त्याने हाणली. ती डाव्या कानावर बसली. फटाका आत फुटावा तसा आवाज झाला आणि मग त्या बाजूचं जग गेलं. मैदान तिरकं झालं. मी गुडघ्यावर आलो. कानातून काहीतरी गरम मानेवर उतरलं, आणि तरी दोन गाठी पडल्याच, कारण मागच्यांना रक्त दिसलं नव्हतं.

मग मला लाठी हवेत दिसली.

गार्डकाकांनी नुकत्याच बांधलेल्या जुडग्यातून ती उपसली होती. पहिला तडाखा सरांच्या खांद्यावर बसला. सरांनी दुसरी लाठी धरली, ती काकांच्या मनगटावर उतरली, हाड वाजल्याचं मला उजव्या कानाने ऐकू आलं. दोन मोठी माणसं, दोघांच्या गळ्यात स्कार्फ, गुरासारखी एकमेकांवर धावली. सरांचा चष्मा उडाला. काकांनी सरांना झेंड्याच्या खांबाशी पाडलं, छातीवर गुडघा रोवला आणि एका हाताने थोबाडीत मारत राहिले. सरांच्या मिशीतून रक्त वाहत होतं. मग एकजण ओरडला, “और मारो, काका!” आणि सगळेच ओरडायला लागले. मीही मनात तेच म्हणत होतो. इतका आनंद मला आयुष्यात कशानेही झाला नव्हता. मी रक्त गिळत होतो आणि म्हणत होतो, मारा.

“सांग!” काका सरांच्या तोंडाशी ओरडत होते. “तुह्याही स्कार्फले सकाळी गाठ होती न? आज कोणतं चांगलं काम केलं तू? सांग! पोरायले विचारतं न? सांग!”

सर धुळीत पडले होते. त्यांच्या स्कार्फला गाठ नव्हती. म्हणजे ती सुटली होती.

“केलं हाय,” ते म्हणाले. “पण तुमच्यासारख्याले नाही सांगत. मारा.”

काकांनी लाठी उचलली. या वेळी ती डोक्यावर येणार होती, हे मला दिसलं.

“काका, बस!” मी ओरडलो. “त्यांनी केलं म्हणून सांगितलं ना!”

मी ते सरांची दया येऊन ओरडलो नाही. मला त्यांची दया आली नव्हती, आजही येत नाही. पण खाली पडलेला माणूस माझंच वाक्य बोलत होता, आणि वरचा माणूस सरांचं. पहिला नियम खरा असेल तर तो ज्या माणसाने माझा कान फोडवला त्याच्यासाठीही खराच असायला हवा होता. मला सरांवर विश्वास ठेवावा लागला. त्या दिवशीच्या सगळ्या मारात हेच मला सर्वांत जास्त लागलं.

काकांची लाठी खाली आली, जमिनीकडे. मग त्यांनी गळ्यातला स्कार्फ काढून माझ्या कानाला लावला. “चाल,” म्हणाले, “दवाखान्यात.” एक हात लोंबकळत असताना त्यांनी मला सायकलच्या दांड्यावर बसवून नेलं. वाटेत एकदाच बोलले. “तू सांगितलं नाही, बरं केलं. मी साहेबाले विचारायले नोको होतं.”

पथकाने काकांना काढलं. सर राहिले, बोगदा बंद केला म्हणे, पण संध्याकाळी काम सांगायची रांग तशीच राहिली. मी पुन्हा गेलो नाही.

आता तिसरा माणूस. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा आईने कानातला कापूस पाहून तोंडावर पदर घेतला. बाबांनी लगेच कागद पुढे ओढला. त्यांचे डोळे पेटलेले. “छापतो,” म्हणाले. “साऱ्या सेक्टरात वाटतो. पण तू काय केलं होतं, ते सांग आधी.”

“ते नाही सांगता येत, बाबा.”

“अरे, लोकायले कळलं पाहिजे न, का पोरगा निर्दोष होता! त्याबिगर पत्रकात दम कसा येईन?”

“निर्दोष नसतो तर कान फोडलेला चालला असता का?”

“मले शिकवतं तू? बापाले तरी सांग!”

“नाही.”

बाबांचा हात वर गेला. मी डोळे मिटले नाहीत. मला बघायचंच होतं. आई मध्ये आली. “त्याचा उजवा कान तरी राहू द्या,” ती म्हणाली. हात तिथेच थांबला, मग टेबलावर आला आणि कागदाचा बोळा झाला. ते पत्रक कधी निघालं नाही.

म्हणून ते मी आता लिहितोय, आणि माझं काम यातही सांगणार नाही. तुम्ही इथवर वाचताना एकदा तरी मनात विचारलं असेल, पण केलं काय होतं याने? त्या विचारण्यातच लाठी आहे. ती आधी सरांच्या हातात होती, मग काकांच्या, मग बाबांच्या, आणि आता तुमच्याही हातात असेल.

ती खाली ठेवा. येत्या रविवारी तुमच्या मुलाच्या मैदानावर जा, रांगेत पोरांना काम सांगायला लावत असतील तर सगळ्यांसमोर पुढे होऊन ते थांबवा. आणि संध्याकाळी तुमचं पोरगं घरी येऊन नुसतं ‘केलं’ म्हणालं, तर त्याच्या स्कार्फला गाठ दिसली तरी ती तुमच्या हाताने सोडा आणि त्याला जेवायला वाढा. विचारू नका.