अंगझडतीतली सुई

उजव्या हाताचं मधलं बोट दिसलं की तो गुन्हा अजून आठवतो. तसा किरकोळच होता. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका बंद कारखान्यातून तांब्याची केबल चोरीला गेली होती.

खबर दिली उल्हासनगरच्या एका सिंधी भंगारवाल्याने. शहाडकडचा एक पोरगा वरचं रबर जाळलेली तांब्याची तार विकायला फिरतोय, मी मात्र घेतली नाही, हे त्याने मला दोनदा ऐकवलं. आम्ही पोराला पुलाखालून उचललं. पंचविशीचा, नुसती हाडं.

पोलीस ठाण्यात पंचांसमोर अंगझडती सुरू केली. तेव्हा आमची एकच रीत होती. आरोपीला हात वर करायला लावायचे आणि आपला हात सरळ त्याच्या खिशात घालायचा. त्याला स्वतःला खिशात हात घालू दिला तर ब्लेड काढेल, ही भीती. मीही तसाच हात घातला आणि बोटात सुई घुसली. खिशात नशेची उघडी सिरिंज होती. सवयीने मी बोट तोंडात धरलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाई आधी त्यावरच बोलल्या. बोट चोखायचं नाही, दाबायचं नाही, साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायचं. मग समजावून सांगितलं. रक्तातून जाणारे विषाणू मुख्यतः तीन, एचआयव्ही आणि हिपॅटायटीस बी व सी. एचआयव्हीसाठी गोळ्या लगेच सुरू केल्या तर धोका फार कमी होतो. पहिली गोळी मी त्यांच्यासमोरच गिळली. बीसाठी लस दिली. सीसाठी लस नाही, पण झालाच तर आता काही महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेक लोक पूर्ण बरे होतात. माझी शाळा आठवीत सुटलेली. मी तेच तेच विचारत राहिलो आणि बाई न कंटाळता सांगत राहिल्या. त्यांचे उपकार विसरणार नाही.

शेवटी मनातलं विचारलं. बायको गावी, हिंगोलीकडे, मुलीच्या बाळंतपणासाठी थांबली होती. "मॅडम, नातवंड झालं तर मांडीवर घेऊ ना?"

"खुशाल घ्या. मांडीवर घेतल्याने, एका ताटात जेवल्याने, कुणाच्या ग्लासातून प्यायल्याने हे जात नाही. पण ज्याच्या खिशात सुई होती त्या मुलाला काय आहे ते कळलं, तर तुमचं पुढचं मला नीट ठरवता येईल. आणि त्याचं रक्त त्याच्या मर्जीनेच घ्यायचं, जबरदस्ती चालणार नाही."

म्हणजे माझ्या जिवाचा घोर त्या पोराच्या होकारावर अडकलेला.

ठाण्यात परतलो तर चौकशीत त्याने चकार शब्द काढला नव्हता. आमच्या शिपायाने सगळ्यांना स्टीलच्या ग्लासात चहा दिला होता, त्याला मात्र कोपऱ्यात प्लास्टिकचा कप. म्हणाला, "साहेब, ह्याला काय असेल नसेल, आपला ग्लास कशाला बाटवा?" मी तो कप बाजूला केला, आमच्यातलाच एक ग्लास भरून पोरासमोर ठेवला आणि बाईंनी सांगितलेलं सगळं त्याला सांगितलं. केबलचं नावही काढलं नाही.

त्याने ग्लास उचलून निरखला. मग म्हणाला, "ह्याच्यात देताय? घरी आईने माझा ग्लास अलग ठेवलाय." एक घोट घेऊन, "सी आहे साहेब. गोळ्या चालू केल्या होत्या. चाळीत समजलं, लोक दूर बसायला लागले, तर सोडून दिल्या. तुम्हाला सुई लागली तेव्हाच बोलणार होतो. वाटलं, मारून टाकाल."

"बाकीचं काही?"

"ते माहीत नाही. घ्या रक्त."

ग्लास रिकामा झाल्यावर केबल कुठल्या नाल्यात पुरली आहे, तेही त्याने आपणहून सांगितलं.

त्याच्या रक्तात एचआयव्ही आणि बी निघाले नाहीत, फक्त सी निघाला. बाईंनी माझ्या गोळ्या थांबवल्या, पण सीच्या तपासण्या काही महिने चालणार होत्या. तेवढ्यात नात झाली. रजा काढून गावी गेलो, तिला मांडीवर घेतलं. बाईंचे शब्द पाठ होते तरी घेण्याआधी हात दोनदा साबणाने धुतले होते. शेवटची तपासणीही स्वच्छ आली, तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर बसून घरी फोन लावला, आणि बायको पलीकडे रडली.

त्यानंतर आमच्या ठाण्यात झडतीआधी विचारायची पद्धत पडली, टोचेल असं काही आहे का? लोक सांगतात, असा माझा अनुभव आहे. फक्त खरं सांगितल्यावर मार पडणार नाही, याची त्यांना खात्री वाटली पाहिजे. आजाराचंही तेच. माणूस तो लपवतो ते बहुतेक वेळा आपल्याच भीतीपायी.

निवृत्तीनंतर मी बदलापूरला, बेलवलीत राहतो. मध्यंतरी नाक्यावर रंगाचे डाग पडलेल्या कपड्यांतला एक माणूस समोर येऊन उभा राहिला. अंग भरलेलं, मी ओळखलंच नाही. नाव सांगितलं तेव्हा कळलं, हा तोच केबलवाला पोरगा. जामिनावर सुटल्यावर तो बाईंकडे गेला होता, गोळ्यांचा कोर्स पुरा केला होता. नंतरच्या तपासणीत विषाणू सापडला नाही. आता इमारती रंगवायची कामं करतो.

आणि भर नाक्यावर त्याने पँटचे दोन्ही खिसे बाहेर उलटे काढले.

"घ्या साहेब झडती," तो हसत म्हणाला. "आता काही टोचणार नाही."