तिसऱ्या दांडीची थरथर

गल्लीत सगळे त्यांना पंखेवाल्या बाई म्हणत. एकतीस वर्षं छताचे पंखे दुरुस्त करता करता त्यांचे कान मंदावले होते, म्हणून त्या मोटर बोटांनी ऐकत. दुकान बंद केल्यापासून त्यांना घरात करमत नव्हतं. सून ड्रोन उडवून इमारतींची छपरं तपासायची. बाईंना हे काम म्हणजे नसती उठाठेव वाटायची.

पण गेले पंधरा दिवस सून रडकुंडीला आली होती. ड्रोन उडायचा, मात्र फोटोतली सरळ भिंत पाण्यातल्या सावलीसारखी हलायची. तिने चारही पाती नवी बसवली, कॅमेऱ्याखालचं रबर बदललं. थरथर काही जाईना. दोन गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. रविवारी सकाळी ती यंत्र जेवणाच्या टेबलावर ठेवून नुसती बघत बसली, तेव्हा बाईंना राहवलं नाही.

"आधी पाती काढ," त्या म्हणाल्या.

पात्यांशिवाय मोटरी फिरवल्या. मोटर ज्या दांडीच्या टोकाला बसते, त्या प्रत्येक दांडीवर बाईंनी दोन बोटं टेकवली. सगळ्या लोण्यासारख्या मऊ, म्हणजे बेअरिंग ठणठणीत. मग यंत्र फळीला आवळून बांधलं आणि एका वेळी एकाच मोटरला पातं लावलं. बाई पात्यापासून लांब, फळीच्या कडेला हात लावून उभ्या राहिल्या. तिसऱ्या मोटरला फळी शहारली. पातंच खराब आलंय, असं सुनेचं मत पडलं. बाईंनी समोरच्या कोपऱ्यातल्या मोटरचं पातं तिथे लावायला सांगितलं. फळी तशीच शहारली.

"दुखणं पात्याचं नाही, दांडीचं आहे."

मोटरच्या खाली बाईंनी नख फिरवलं. केसाएवढ्या चिरेत ते अडकलं.

सुनेचा चेहरा पडला. दोन महिन्यांपूर्वी मैत्रिणींसमोर ऐट दाखवताना ड्रोन पाण्याच्या टाकीवर आपटला होता; तेव्हाची चीर उडता उडता वाढत गेली होती. घरात तिने ताकास तूर लागू दिली नव्हती. बाई पोट धरून हसल्या.

"मीसुद्धा पहिल्या वर्षी गिऱ्हाइकाचा पंखा पाडला होता. तुझ्या सासऱ्यांना अजून पत्ता नाही."

"आई, सांगू का त्यांना?"

"सांग की. मग टाकीचं मी सांगते."

गुरुवारी नवी दांडी आली, आणि फोटोतल्या भिंती ताठ उभ्या राहिल्या. पाठ फिरवलेल्यांपैकी एक गिऱ्हाईक परत आलं. महिन्याभरात सुनेच्या ओळखीचे दोन ड्रोनवाले आपापली यंत्रं घेऊन दारात हजर झाले. जेवणाचं टेबल बाईंनी कायमचं अडवलं. घरचे आता मांडीवर ताट घेऊन जेवतात, आणि तक्रार करायची कुणाची छाती होत नाही.