भरल्या किटल्यांची शर्यत

आमच्या दादाची मोटारसायकल रिकामी चालायला शिकलीच नव्हती. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. तामलवाडीच्या अलीकडं आमचं गाव. तिथं सकाळ-संध्याकाळ घरोघरचं दूध गोळा करून डेअरीला घालायचं, हा त्याचा धंदा. गाडीच्या दोन्ही अंगांना दोन भरल्या किटल्या, मधी दादा. अशा अवतारात त्यानं एकदा एसटीला मागं टाकलं होतं. मी स्वतः मागं बसलो होतो. डोळे मिटलेले होते हे खरं, पण कानाजवळून गेलेला कंडक्टरचा आवाज मी ओळखतो.

तर तुळजापूरच्या अंगाला एका माळावर मातीतली शर्यत ठरली. जेसीबीनं उंचवटे केले, टँकरनं चिखल केला, आणि स्टेजवर वासराएवढा करंडक मांडला. दादा तो बघून आला आणि जेवेचना.

"आयुष्यभर पळवली रं गाडी," मला म्हणाला, "पण कुणी बघितलं का? एकदा तरी चार लोकांनी शिट्टी मारून म्हणावं, पळ!"

वहिनींनी परवानगी दिली, पण ती नुसती परवानगी नव्हती, अट होती. गावात नुकताच एक नवा दूधवाला टेम्पो घेऊन फिरायला लागला होता. गोड बोलायचा, दारात उभा राहायचा.

"भाऊजी, तुमी संगट जाताय म्हणून सांगते," वहिनी मला म्हणाल्या. "सांजच्या धारेला हे दारात पायजेत. एक सांज चुकली की लोक टेम्पोत दूध ओततील. आन एकदा तिकडं गेलेली म्हैस परत येत न्हाय."

तयारी आमच्या ऐपतीप्रमाणं झाली. शर्यतीचे बटन टायर घेणं शक्यच नव्हतं, म्हणून जुन्याच टायरला तापल्या विळ्यानं खाचा पाडल्या. गुडघ्याला शाळेतले क्रिकेटचे पॅड, पायात फवारणीचे गमबूट, हातात वेल्डिंगवाल्याचे मोजे. हेल्मेट असं मागून आणलं की घालायला जितकी ताकद लागे त्याच्या दुप्पट काढायला. आरशात बघून दादा म्हणाला, "मी मलाच वळखंना." म्हशीनंही ओळखलं नाही. ती बिचारी मागच्या मागं सरकत गोठ्याबाहेर गेली.

सकाळचं दूध घालून आम्ही डेअरीवरून थेट माळावर गेलो. सोलापूर, लातूरकडची पोरं आली होती. त्यांच्या गाड्या अशा की उभ्या असल्या तरी पळाल्यासारख्या दिसाव्यात. आम्ही किटल्या काढून लिंबाखाली ठेवल्या, मडगार्ड काढलं, दिवा काढला. हलकी झाली की उडेल, हा माझा सल्ला.

उडालीच. सरावात पहिल्या वळणावर दादा डावीकडं पडला, दुसऱ्या वळणावर उजवीकडं, आणि सरळ रस्त्यावर पडायला बाजू उरली नाही म्हणून मागं पडला. इतक्या वर्षांत त्या माणसाला रिकामी गाडी वळवायची वेळच आली नव्हती. डेअरीतून परत येतानाही तो किटल्यांत सरकी पेंड घेऊन यायचा. आता बिनवजनाची गाडी त्याच्याखाली दावं तुटलेल्या खोंडासारखी उधळत होती.

चिखल पुसत तो लिंबाखाली येऊन बसला. किटल्यांकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"काठोकाठ भर," म्हणाला. "अर्धी किटली हिंदकळती. भरलेली गप बसती."

टँकरवाल्याला विनवून मी दोन्ही किटल्या भरल्या, तोंडाला फडकं दाबून झाकणं ठोकली, गाडीला अडकवल्या. आरंभरेषेवर पंचांनी शिट्टीच तोंडातून काढली.

"हे काय आहे?"

"साहेब, ह्यानं गाडीचा तोल राहतो."

"असं कुणी लावतं का?"

"लावू नका असं कुणी सांगितलंय का?" मी अदबीनं विचारलं.

पंच दुसऱ्या पंचाकडं गेले, दुसरे तिसऱ्याकडं. तिघंही हसायला लागले आणि हसणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही. कुंपणापलीकडून मात्र एकजण ओरडला, "ए दूधवाल्या! आज नुसतंच पानी? दूध मिसळायचं इसरला व्हय?"

शिट्टी झाली. पहिल्या ओल्या वळणावर ती चकचकीत पोरं एकमेकांवर पडली, घाटावर वाळत घातलेल्या धोतरांसारखी. दादा त्यांच्या मधून डेअरीला निघाल्यासारखा गेला. उंचवट्यावर बाकीचे हवेत उडाले; दादाची गाडी उडाली नाही, उंचवटाच जरा खाली बसला. तो तिसरा आला आणि अंतिम फेरीत गेला. मघाचा तो ओरडणारा आता कुंपणावर चढून म्हणत होता, "पळ, दूधवाल्या, पळ!"

अंतिम फेरी लगेच होती. पण प्रमुख पाहुणे यायचे होते. त्यांच्याशिवाय झेंडा कसा हलणार? मग पाहुणे आले. मग त्यांचा सत्कार, त्यांच्यासोबत आलेल्यांचा सत्कार, टँकरवाल्याचा सत्कार, जागा देणाऱ्याचा, त्याच्या वडिलांचा. नारळ संपले तरी माणसं संपेनात. ऊन लिंबाच्या बुंध्यापर्यंत तिरकं आलं.

दादा स्टेजजवळ गेला. "साहेब, फायनल आत्ताच लावता का? मला दुधाला जायचंय."

"अहो, अजून मनोगतं राहिलीत."

"दादा, अर्धा तास थांब," मी म्हणालो. "करंडक बघ की!"

"बघतोय," तो म्हणाला, आणि खरंच बघत उभा राहिला. मग म्हणाला, "म्हशी थांबत्यात व्हय?"

त्यानं दोन्ही किटल्या तिथंच आरंभरेषेजवळ उपड्या केल्या. पुढं फायनलला तिथं दोघं घसरले असं ऐकलं. ते यश दादाच्या खात्यावर धरावं असं माझं मत आहे. पण तेव्हा तो उकिडवा बसून कोरड्या फडक्यानं किटल्या आतून पुसत होता, शांतपणे, थेंबही न उरेपर्यंत. दुधात पाणी असल्याचा शब्द त्याला गावात नको होता. त्याच वेळी कर्ण्यावरून त्याचा नंबर पुकारला गेला, पण फेरीसाठी नव्हे, सत्कारासाठी. आम्ही गाडीला किक मारली.

परतीची वाट रिकाम्या किटल्यांची. तोल म्हणून मला मागं दोन्ही बाजूंना पाय पसरून, किटल्या पोटऱ्यांत धरून बसवलं होतं. आमची सावली आमच्या मागं पडली होती, ती वेशीत येऊन मिळाली.

पहिलं घर म्हाताऱ्या काकूंचं. दारात टेम्पो उभा. टेम्पोवाल्यानं किटलीचं झाकण काढलेलं, काकूंनी बादली उचललेली.

"काकू, थांबा!" दादा ओरडला. हेल्मेटमधून नुसतं "हूं हूं" बाहेर पडलं. पॅड, गमबूट, छातीवर नंबर, अंगभर चिखल. काकू किंचाळल्या, पण बादली सोडली नाही. मी आणि टेम्पोवाला, दोघांनी मिळून ओढलं तेव्हा हेल्मेट निघालं. टेम्पोवाला तसा वाईट माणूस नव्हता.

"अरं, तू व्हय!" काकू म्हणाल्या. "म्या म्हनलं आज येत न्हायस. कितवा आलास?"

"शेवटची फेरी राहिली, काकू."

"आन सोडून आलास?"

दादानं किटलीचं झाकण काढलं. काकूंनी त्याच्याकडं बघितलं, त्याच्या किटलीत हात घालून बोटं चोळून बघितली. कोरडी.

"ए बाबा," त्या टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "गाडी जरा पुढं घे. आमच्या पोराला वळायला जागा लागती."

टेम्पो सरकला. दादानं किटलीच्या तोंडावर गाळणी धरली, आणि काकूंनी बादली कलती केली.